फाम म्हणजे तिसरी

फोन आला तेव्हा मी लंडनजवळ स्लाऊला, जीपी सर्जरीच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर होते. मंगळवारची सकाळ, साडेअकरा वाजले असतील. समोर एक आजोबा उद्याची अपॉइंटमेंट आजचीच आहे म्हणून हुज्जत घालत उभे होते. मोबाइल थरथरला, नंबर अनोळखी होता, मी घेतला नाही. दोन मिनिटांनी पुन्हा तोच नंबर. पलीकडे हॉस्पिटलमधली नर्स होती. आवाज फार मऊ होता तिचा. या देशात इतकी वर्षं काढल्यावर त्या मऊपणाचीच मला धास्ती वाटते. तिनं माझं नाव विचारलं, मी बसलेली आहे का ते विचारलं आणि म्हणाली, "मिस साएचाओंच्या फाइलवर जवळचं माणूस म्हणून तुमचं नाव आहे. नात्यापुढे 'बहीण' लिहिलंय. तुम्ही त्यांच्या बहीण ना?"

मी पिंपरीची. साएचाओ म्हणजे फाम, तिचा जन्म लाओसच्या डोंगरातला. आम्हा दोघींना शेजारी उभं केलं तर चुलत-मावसही कुणी म्हणणार नाही. पण मला एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "हो," मी म्हटलं, "बहीण."

हाउन्सलोच्या बसस्टॉपवर ती सकाळी कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. मी पोचायच्या आत सगळं संपलं होतं. तिची पिशवी माझ्या हातात दिली, त्यात बसपास, चष्मा आणि सुई खोचलेला निळा कापडाचा तुकडा. तिचा चेहरा शांत वगैरे नव्हता. काहीतरी सांगायचं राहिल्यासारखा, जरा वैतागलेला होता. ते मला बरंच वाटलं. अगदी तीच होती ती... याला आता सात आठवडे झाले.

आमची ओळख बावीस वर्षांची. हीथ्रोजवळच्या एका मोठ्या किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचं काम मला लागलं होतं. पिंपरीत मी कॉलेजात अकाउंट्स शिकवत होते. इथे डोक्याला जाळी, हातात निळे ग्लव्ह्ज आणि समोरून सरकणारे ट्रे. पहिल्या दिवशी ब्रेकमध्ये मी कोल्डरूमच्या दाराशी भिंतीकडे तोंड करून उभी होते. रडत नव्हते, पण कुणी काही बोललं असतं तर रडले असते. शेजारी एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "न्यान ह्नांग?" मी बघतच राहिले. मग तिनं तोंडाशी हात नेऊन इंग्रजीत सांगितलं, "भात. भात खाल्लास?" लंडनला येऊन मला चार महिने झाले होते. हाय-हॅलो करणारे रोज भेटत होते, पण जेवलीस का म्हणून मला कुणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं आपला डबा उघडला आणि झाकणात अर्धा भात माझ्यासाठी काढला.

आम्ही बोलायचो इंग्रजीतच, दोघींच्याही मोडक्या इंग्रजीत. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, कारण माझ्या आठवणीत ती मराठीतच बोलते. तशी पुढे ती थोडी मराठी शिकलीही.

"तू चायनीज का?" हा माझा पहिला प्रश्न, आणि तिला तो आयुष्यात हजारदा ऐकावा लागला असणार. ती चिडली नाही. कँटीनच्या टेबलावर तिनं साखरेच्या पुड्यांचा एक मोठा ढीग केला, हा चीन. मिठाच्या पुड्या, व्हिएतनाम. दुधाच्या छोट्या डब्या, लाओस. टूथपिक, थायलंड. मग मिऱ्याची पुडी फाडून तिनं ती या सगळ्यांच्या काठाकाठानं भुरभुरली आणि म्हणाली, "हे आम्ही. म्यन." चिनी लोक त्यांना याओ म्हणतात, व्हिएतनाममध्ये झाओ, पण ते स्वतःला म्यन म्हणतात. त्याचा अर्थ नुसता 'माणसं'. डोंगराच्या माथ्यावर राहायचं, रान कापून शेती करायची, जमिनीचा कस गेला की पुढच्या डोंगरावर जायचं. शेकडो वर्षं असे ते डोंगराडोंगरानं दक्षिणेकडे सरकत आले. "आणि तू हाउन्सलोपर्यंत सरकलीस," मी म्हटलं. तिला ते इतकं आवडलं की पुढे कुणी 'तुम्ही कुठल्या' विचारलं की ती म्हणायची, "डोंगरावरून सरकत आले. अजून थांबले नाहीये."

तिच्या लोकांकडे एक जुना कागद असतो, लांबच लांब गुंडाळी. त्यावर चिनी अक्षरांत कुठल्याशा सम्राटाचं वचन लिहिलेलं आहे. म्यन लोकांनी कोणताही डोंगर ओलांडावा, कुणी अडवू नये, त्यांच्याकडून सारा घेऊ नये, त्यांनी कुणापुढे गुडघे टेकू नयेत. ते खरं की दंतकथा, याच्यावर विद्वान वाद घालतात म्हणे. फामला वाद नव्हता. तिला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला त्या दिवशी ती तो घेऊन किचनमध्ये आली, सगळ्यांना चॉकलेटं वाटली आणि माझ्या कानात म्हणाली, "हा दुसरा. पहिला आमच्याकडे आधीपासून आहे." त्या पासपोर्टवर जन्मतारीख होती एक जानेवारी. निर्वासितांच्या छावणीतल्या कारकुनानं तारीख माहीत नसलेल्या सगळ्यांना तीच वाटली होती. "छावणीत अर्ध्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी," ती म्हणायची, "केक मात्र एकही नाही."

एकदा आमच्या शिफ्टला चीनच्या ग्वांग्शी प्रांतातली एक विद्यार्थिनी आली. बोलता बोलता तिनं सांगितलं की ती कागदोपत्री याओ आहे. फामच्या हातातून काटे-चमचे पडले. मी तिला इतकं आनंदलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती धावतच त्या मुलीपाशी गेली, तिचे दोन्ही हात धरले आणि भराभर बोलू लागली. मुलगी थांबली, ऐकलं, मग तीही तितक्याच उत्साहानं बोलू लागली. आणि हळूहळू दोघींच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरत गेलं... एक अक्षर जुळत नव्हतं. त्या मुलीची भाषा वेगळी, फामची वेगळी. कुणा सरकारी माणसानं कधीतरी वेगवेगळ्या भाषांच्या डोंगरी लोकांना एकाच नावाच्या पोत्यात भरलं होतं. शेवटी दोघी इंग्रजीत बोलल्या. "तुझी आजी भरतकाम करते का?" "हो, करते." "मागच्या बाजूनं टाका घालते का?" ते काही त्या मुलीला माहीत नव्हतं. त्या दुपारी निघताना फाम म्हणाली, "पंचवीस वर्षांनी मला वाटलं, आज बोलायला मिळणार."

त्यानंतर वर्षाभरातली एक गोष्ट मला लिहायला आवडत नाही, पण लिहायलाच हवी. आम्ही बौद्ध. एप्रिलमध्ये इथल्या आपल्या लोकांचा जयंतीचा कार्यक्रम कम्युनिटी हॉलमध्ये असतो. मी फामला घेऊन गेले. तिनं खास तिचा पोशाख घातला होता. काळा कोट, त्याला गळ्यापासून खाली लाल लोकरीच्या गोंड्यांची जाड झालर, डोक्याला फेटा. हॉलमधल्या सगळ्या बायका तिच्याभोवती. तेवढ्यात एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला विचारलं, "या कोण?" मागे रांग होती, भाषणं सुरू व्हायची होती, आणि मी म्हणून गेले, "चायनीज आहे, माझी मैत्रीण." मराठीत म्हणाले होते, पण चायनीज हा शब्द कुठल्याही भाषेत चायनीजच. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती.

"तू त्या माणसाला चायनीज सांगितलंस."

"अगं, सोपं पडतं म्हणून..."

"कुणाला?" ती म्हणाली.

तिथे भारतात मी अशा घरांत बसून आले आहे, जिथे आधी आडनाव विचारतात, त्यावरून जात कळली नाही तर गाव विचारतात, आणि मग चहाचा कप कुठला द्यायचा ते ठरवतात. आपल्याला दुसऱ्यानं दिलेलं नाव किती टोचतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि रांग पुढे सरकावी म्हणून मी तिला एक नाव चिकटवून दिलं. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. आठव्या दिवशी मी कँटीनमध्ये साखरेच्या पुड्या घेतल्या, मिठाच्या घेतल्या, दुधाच्या डब्या, टूथपिक सगळं मांडलं आणि मिऱ्याची पुडी तिच्या हातात दिली. ती हसली नाही. तिनं पुडी फाडली, काठाकाठानं मिरी भुरभुरली आणि चिमूटभर माझ्या भातावर टाकली. मग हसली.

माझी मुलगी मैत्रेयी तिच्या अंगाखांद्यावर वाढली म्हटलं तरी चालेल. माझी शिफ्ट असली की ती फामच्या फ्लॅटमध्ये. म्यन बायका कापडाच्या उलट्या बाजूनं भरतकाम करतात, पुढची बाजू मांडीकडे. टाका घालताना नक्षी दिसतच नाही, बोटांनी मोजत जायचं. मैत्रेयी सात वर्षांची असताना पहिला तुकडा घेऊन आली. "आई, बघ, हा माझी फूल आहे. फाममावशी म्हणाली, चुकला तर उसवायची, रडायची नाही." मराठीतलं लिंग मैत्रेयीला कधीच जमलं नाही, आणि फाम तिच्याकडूनच मराठी शिकली, त्यामुळे दोघी मिळून माझ्या भाषेची जी दशा करत त्याला तोड नव्हती. फाम म्हणायची, "नंदा, चहा झाली. ये." मात्र कान तिचा विलक्षण. तिच्या भाषेत एकच अक्षर सूर बदलून म्हटलं की अर्थ बदलतो. 'म्यन' एका सुरात माणूस आणि दुसऱ्या सुरात आत्मा, पितर. मी म्हटलं, आमच्यात असलं काही नसतं. ती म्हणाली, "नसतं? फोनवर तू 'हो' किती प्रकारे म्हणतेस? नवऱ्याला एक हो. सासूबाईंना एक हो. आणि एक हो म्हणजे नाही." मी ते आठवून आजही फोनवर मध्येच थबकते.

स्वतःबद्दल ती तुकड्यातुकड्यांनी बोलायची. लाओसमधली लढाई संपून कम्युनिस्ट आले तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असावी. डोंगरातून चालत चालत मेकाँग नदीपर्यंत, नदी ओलांडून थायलंड, मग छावणीत सात-आठ वर्षं. वडील पहिल्याच पावसाळ्यात गेले. थोरली बहीण तर त्यांच्या गावातच तान्हेपणी गेली होती. मधली नाय, तिचं छावणीत लग्न झालं आणि सासरच्यांबरोबर तिला अमेरिकेचे कागद मिळाले. फामलाही जाता आलं असतं, पण आई क्षयानं अंथरुणाला खिळलेली. आजारी माणसाला व्हिसा नाही. "मग एक राहणार, एक जाणार," ती म्हणाली, "नायच्या पोटात मूल होतं. मी राहिले." आई दोन वर्षं काढून गेली. त्यानंतर छावणीत शिकवणाऱ्या एका इंग्रज जोडप्यानं फामला आपल्याबरोबर रेडिंगला आणलं. त्यांच्या घरी ती कामाला राहिली, ते वारले, ती हाउन्सलोला आली. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, "म्यन मुलगा हवा होता. इथे म्यन एकच, आणि ती मी."

आता मुख्य गोष्ट. तीन वर्षांपूर्वी नायच्या मुलीनं, लिंडानं, कॅलिफोर्नियाहून फामला वाढदिवसाची भेट पाठवली, डीएनए तपासणीची. नळीत थुंकायचं, पाठवून द्यायचं, मग तुमचे पूर्वज कुठले आणि नातेवाईक कोण ते ईमेलनं कळतं. लिंडा आपल्या कुळाचा वंशवृक्ष करत होती. फाम हसून हसून थुंकली. "पितर आता थुंकीतून येतात!" महिन्या-दीड महिन्यानं एका रविवारी दुपारी लिंडानं मला फोन केला. मावशीला नाही, मला. ती रडत होती. रिपोर्ट तिच्या खात्यावर आला होता. "नंदा आंटी, ती माझ्या मॉमची कुणीच नाही. झिरो. तिच्यात म्यन रक्तच नाही. दुसऱ्याच कुठल्या लोकांचं आहे. मी हे तिला कसं सांगू? ती एवढी म्यन आहे... माझ्यापेक्षा, आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त म्यन आहे!"

मी दोन दिवस ते पोटात घेऊन फिरले. नवरा म्हणाला, "कशाला सांगतेस? तिचं काय अडलंय?" खरं होतं. साठीकडे झुकलेली बाई, आपली भाषा आणि आपलं नाव एवढ्यावर एकटीनं उभी, तिच्या पायाखालचं तेवढंही काढून घ्यायचं? पण एकदा मी तिच्याबद्दल तिच्या परस्पर बोलून चुकले होते. तिच्या स्वतःबद्दलची गोष्ट मला माहीत आणि तिला नाही, हे मला सहन होईना. बुधवारी डबा घेऊन गेले. ती खिडकीशी भरत बसली होती. मी आडवळणानं सुरुवात केली, अडखळले, आणि शेवटी एका दमात सांगून टाकलं.

तिची सुई थांबली नाही. चार-पाच टाके झाले. मग तिनं विचारलं, "लिंडा रडली?"

"हो."

"कशाला?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

तिनं कापड खाली ठेवलं. "मला माहीत आहे, नंदा. नदीपासून माहीत आहे."

मग तिनं जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते. एका दुष्काळात खालच्या गावचं खमू जमातीचं एक कुटुंब उपासमारीनं मोडून गेलं. फामच्या वडिलांनी त्यांचं तान्हं मूल आपल्या घरी आणलं, पाठीवरच्या टोपलीत घालून. म्यन लोकांत हे नवीन नाही. त्यांच्याकडे दुसऱ्या जमातींची कितीतरी मुलं अशी वाढलेली असतात. घरात आणलं की पितरांना नैवेद्य दाखवून मुलाचं नाव सांगायचं, आणि त्या दिवसापासून ते त्या घरचं. मुलींची नावं क्रमानं ठेवतात. थोरली मुए, दुसरी नाय, तिसरी फाम. फामला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण घरात कुणाच्या लक्षातच नव्हतं.

ते उघड झालं नदीवर. पहाटेचं धुकं होतं. होडी लहान, माणसं फार. नावाडी म्हणाला, एवढं वजन घेत नाही. मग त्यानं फामकडे बोट केलं. रंगानं ती सावळी. "ही तुमची दिसत नाही. हिचे लोक याच काठाला आहेत. हिला राहू दे." फामनं आईकडे पाहिलं. होडीत वडिलांच्या पायाशी एक लाकडी पेटारा होता. त्यात घराण्याच्या देवांची चित्रं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, पूजेला लावायची, आणि पोथ्या, घंटा, झांजा. वडील पुजारी होते. त्या पेटाऱ्यासाठी ते दहा दिवस उपाशी चालले होते, पण तो त्यांनी खांद्यावरून उतरवला नव्हता. आईनं तो दोन्ही हातांनी उचलला, पाण्यात उतरून काठावर नेऊन ठेवला, आणि फामला उचलून त्या जागी बसवलं. "सगळे देव तिकडेच राहिले," फाम म्हणाली. "बाबा कितीतरी दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी छावणीत आईला विचारलं, मी तुमची नाही का? आई भांडी घासत होती. म्हणाली, तुला तिसरी म्हणतो ना आम्ही? मग! दोघींच्या पाठीवरच तिसरी येते. दुसऱ्याच्या घरची कशी तिसरी होईल?"

ती हसत सांगत होती, पण डोळे पुसावे लागले तिला. मी तर आधीपासूनच पुसत होते. मग ती एकदम संतापली, पण त्या थुंकीच्या कंपनीवर. "त्यांना काय कळतं? त्यांना पेटारा माहीत आहे का?" आणि तिनं नायला फोन लावला. कॅलिफोर्नियात पहाट असेल, बहिणीला झोपेतून उठवलं. तासभर दोघी बोलल्या. मला एकही शब्द कळला नाही, नुसते सूर कळत होते. वर जाणारे, मोडणारे, मध्येच हसण्यात फुटणारे. फोन ठेवून फाम म्हणाली, "नायला माहीत होतं. ती चार वर्षांची होती, टोपली उघडायला तीच आधी धावली होती. म्हणते, मुलांना काय सांगायचं त्यात? सांगण्यासारखं काय आहे?"

लिंडानं वंशवृक्षाचं काम बंद केलं नाही. दर रविवारी ती मावशीला फोन करू लागली, गाणी आणि शब्द विचारून लिहून घेऊ लागली. फाम त्या फोनच्या आधी केस विंचरून बसायची, फोनवर काही दिसत नसतानाही.

फाम गेल्यावर लिंडा आली. एअरपोर्टवर मी घ्यायला गेले होते, आम्ही आधी कधी भेटलो नव्हतो, ती सरळ माझ्या गळ्यात पडली. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी फामला तिचा पोशाख आम्ही दोघींनी घातला. फेटा कसा बांधायचा ते दोघींनाही माहीत नव्हतं. नाय फोनवरून सांगत होती, लिंडाला अर्धं कळत होतं, आणि माझ्या लहानपणी आजोबांचा फेटा मी रोज धरायचे, तेवढ्याच भांडवलावर माझे हात चालत होते. तीनदा सुटला. चौथ्यांदा नाय म्हणाली, राहू दे, असाच बांधायची ती, तिरपा.

क्रिमेटोरियममध्ये समोर पडद्यावर कॅलिफोर्नियातला म्यन पुजारी होता. आमच्याकडे दुपारचे दोन, तिकडे सकाळचे सहा. चाळीस-पंचेचाळीस माणसं आली होती. किचनमधल्या जुन्या पंजाबी आणि सोमाली बायका, तिच्या बिल्डिंगमधले म्हातारे, आमच्या विहारातले लोक, मैत्रेयी एडिनबराहून. पुजाऱ्यानं पोथी उघडून म्हणायला सुरुवात केली. मध्ये तो थांबला आणि त्यानं काहीतरी विचारलं. लिंडाचा हात माझ्या हातात घट्ट झाला. घराण्याच्या पितरांत नाव घ्यायचं तर मुलगी कुणाची, ते विचारत होता. लग्न न झालेली, दूरदेशी मेलेली, आणि तो रिपोर्ट त्यांच्या नातलगांत फुटलेला, त्यावरून कुजबूज झालेली. लिंडाला त्याचीच भीती होती. पडद्यावर कोपऱ्यात नाय बसली होती. एवढीशी, सुरकुतलेली. ती खुर्चीतून उठली. वडिलांचं नाव घेतलं, आईचं घेतलं, आणि मग मोठ्यानं, एकेक करून तीन नावं. मुए. नाय. फाम. बोटं वर करून. पुजाऱ्यानं मान डोलावली आणि पुढे म्हणायला लागला.

दोन दिवसांनी लिंडा आणि मी फ्लॅट आवरायला गेलो. फ्लॅट कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा, भाड्याचा; महिनाअखेरीला किल्ली परत द्यायची होती. कपडे, भांडी, कापडाचे गठ्ठे, सगळं खोक्यांत भरलं. दुपारी भूक लागली म्हणून मी सिंकखालचं कपाट उघडलं, तर मागे एक काचेची बरणी. मोहरीची पानं मीठ आणि तांदळाच्या धुवणात आंबवून हे लोक लोणच्यासारखं करतात, फाम बाल्कनीतल्या टबांत त्यासाठी मोहरी लावायची. बरणीवर किचनमधल्या सवयीनं चिकटपट्टी लावून तिनं दोन तारखा लिहिल्या होत्या, भरल्याची आणि उघडायची. उघडायची तारीख तिच्या मृत्यूनंतरची होती. तीही उलटून आठवडा झाला होता.

"सेफ आहे का हे?" लिंडानं विचारलं.

मी झाकण उघडलं. तो आंबट, तिखट वास खोलीभर पसरला. एवढंसं पातेलं खोक्यातून परत काढून मी भात लावला. टेबल नव्हतं, जमिनीवर बसलो. लिंडानं एक पान भातावर घेतलं, तोंडात घातलं आणि चावायची थांबली. मला वाटलं, खराब झालंय. तिचे डोळे भरून आले होते. "आंटी," ती म्हणाली, "हे माझ्या मॉमच्या हातचं आहे."

आम्ही सगळी पानं संपवली. ते पाणी ओतून देऊ नकोस, पुढच्या पानांना तेच घालतात, असं लिंडानं आईला विचारून मला सांगितलं. लिंडा परत अमेरिकेला निघाली त्या दिवशी मी फामच्या बाल्कनीतल्या टबांतली उरलेली मोहरी खुडली, धुतली, आणि त्याच पाण्यात दाबून बसवली. बरणी आता माझ्या ओट्यावर आहे. चिकटपट्टीवर मी माझ्या अक्षरात तारीख टाकली आहे. रविवारी उघडायची.